धार बारीक झाली आणि मी ती लपवली

हे लेखन ज्यांच्यासाठी आहे, ती माणसे सहसा आपला प्रश्न कुणाला विचारत नाहीत. ती साठीच्या पुढची असतात, घरात त्यांना मान असतो आणि मोरीतून बाहेर यायला इतका वेळ का लागला, असे त्यांना कुणी विचारत नाही. मीही त्यांतलाच आहे. एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवले. आता वय सदुसष्ट. पत्नी कमल हिच्यासह पूर्णा येथे राहतो. प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया होऊन मला अकरा महिने झाले.

शस्त्रक्रिया चांगली झाली होती. त्यानंतर जे बिघडले, त्यात शरीराचा वाटा किती आणि माझा किती, हे मला आजही नेमके वेगळे काढता येत नाही. शरीराच्या वाट्याबद्दल डॉक्टर सांगतील. माझ्या वाट्याचे मी सांगतो.

पालमचा कार्यक्रम

माझी नोकरीची शेवटची चौदा वर्षे पालमला गेली. घर पूर्णेत, शाळा पालमला, आणि मधे एसटी. अशा शिक्षकाला एक सवय आपोआप लागते. सकाळी अर्धा कप चहा घ्यायचा आणि शाळा सुटून घरी पोचेपर्यंत पाणी बेताने प्यायचे. लघवी आली तरी दाबून धरायची. हे आपण शरीराला शिकवलेले चांगले वळण आहे, अशी माझी समजूत होती. विज्ञानाच्या शिक्षकाने इतकी वर्षे ही समजूत बाळगली.

निवृत्तीनंतर धार मंदावली होती. रात्रीतून दोनतीनदा उठावे लागे. वय म्हणून मी ते सोडून दिले. मग शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला मला प्रमुख पाहुणा म्हणून पालमला बोलावले. मंचावर बसल्यावर पहिल्या भाषणातच पोट तट्ट झाले. पाहुण्याने मधेच उठणे मला प्रशस्त वाटेना. माझ्या आधी पाच जण बोलले. मी माझे भाषण केले, पुष्पगुच्छ घेतला, फोटोला उभा राहिलो आणि मग शाळेच्या मागच्या बाजूला गेलो. एक थेंबही आला नाही.

पंधरा मिनिटांत मला घाम फुटला आणि उभे राहणे अशक्य झाले. ज्याचा निरोप होता तोच सहकारी गळ्यातला हार काढून मला मोटारीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. तिथे लघवीच्या वाटेने नळी घातली. ती आत जातानाची वेदना मी वर्णन करणार नाही. एवढेच सांगतो की पुढच्या माझ्या सगळ्या खोटेपणाचे मूळ त्या दोन मिनिटांत आहे. नळी गेल्यावर मात्र असा आराम पडला की मला रडू आले. सहकारी भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्यानंतर परभणीला तपासण्या झाल्या. ग्रंथी बरीच वाढली होती. गाठ साधी की वाईट, हे कळायला रक्ताच्या अहवालाची वाट पाहावी लागली.  त्या दिवसांत कमल भाजी निवडताना अचानक थांबे आणि हातातली शेंग तशीच धरून बसे. अहवाल चांगला आला. गाठ साधी निघाली. पण औषधांवर भागणार नव्हते. लघवीच्या वाटेनेच, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायची ठरली.

पिशवी

कमरेत इंजेक्शन दिले, पाय परके झाले आणि तासाभरात काम संपले. पोटावर टाका नाही, जखम नाही. म्हणूनच भेटायला येणाऱ्यांना मी आजारी आहे असे वाटत नव्हते. मुलगा मिलिंद पुण्याहून आला होता. त्यालाही दुसऱ्या दिवशी वाटू लागले की आता परत जायला हरकत नाही. जखम होती, पण ती आत होती. वर टांगलेल्या बाटलीतले पाणी नळीने आत जाई, आतले धुऊन दुसऱ्या वाटेने पिशवीत येई. त्या पाण्याचा रंग पाहणे हा माझा दिवसभराचा उद्योग. लाल, मग गुलाबी, मग फिकट. रंग जरा गडद झाला की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे.

तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली सातआठ मंडळी एकदम भेटायला आली. दारातूनच जयभीम झाले. त्यांत माझे दोन जुने विद्यार्थी, एकाची बायको. खाटेच्या कडेला ती पिशवी लोंबत होती. मला शरम वाटली. मी ती उचलून पांघरुणाखाली, मांडीशेजारी घेतली आणि वर शाल ओढली. मंडळी अर्धा तास बसली. ती जाताच ओटीपोटात कळ आली.

वॉर्डात संगीता नावाच्या सिस्टर होत्या, वालूरच्या. त्यांनी शाल बाजूला केली, पिशवी खाली लावली, नळीचा पीळ काढला आणि माझ्याकडे पाहिले.

“सर, तुमी विज्ञान शिकवायचात म्हनं.”

मी होय म्हणालो.

“मग पानी खालून वर चढतंय का?”

कमल तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो असतो, पण सिस्टर हसल्या नव्हत्या. त्यांनी मला सगळे पुन्हा शिकवले. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी. नळी मांडीला चिकटपट्टीने अशी लावायची की चालताना ताण पडू नये. रोज मांडी बदलायची, म्हणजे आत एकाच जागी घासत नाही. नळी जिथे घासते, जिथे ताण पडतो, जिथे जंतू धरतात, तिथे पुढे व्रण घट्ट होण्याचा धोका असतो. हे सांगताना त्या माझ्या मांडीवरची पट्टी सोडून नव्याने लावत होत्या. माझ्या आयुष्यात मला इतक्या नीट रीतीने कुणी काही शिकवले नव्हते.

डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट

पाचव्या दिवशी नळी निघाली. पहिली लघवी आगीसारखी झाली, पण झाली. धार पाहून मला तरुणपण आठवले. घरी जाण्याआधी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवले.

गुडघा फुटल्यावर खपली धरते, कातडी जरा आवळते. आतली जखमही तशीच भरते, असे त्यांनी सांगितले. बहुतेकांची सरळ भरते. काहींची मात्र घट्ट आवळून भरते आणि लघवीचा मार्ग पुन्हा अरुंद होतो. कुणाची होईल हे आधी सांगता येत नाही. आपल्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या आहेत: भरपूर पाणी, शौचाला जोर न लावणे, काही आठवडे सायकल-मोटारसायकल आणि वजन उचलणे बंद, जळजळ किंवा ताप आला तर घरगुती उपाय न करता लगेच दाखवणे. आणि शेवटची गोष्ट त्यांनी बोट उचलून सांगितली. धार बारीक वाटली, लघवीला वेळ लागू लागला, की त्याच आठवड्यात यायचे.

“लवकर आलात तर लहान काम असतं,” ते म्हणाले. “बंद पडल्यावर आलात तर मोठं.”

मी ते वहीत लिहून घेतले. लिहून घेतलेली गोष्ट आपल्याला आली, असे मानणारे विद्यार्थी मी आयुष्यभर पाहिले आहेत.

मग आणि घड्याळ

घरी आल्यावर मी माझी पद्धत बसवली. मापाचा प्लास्टिकचा मग आणण्यास सांगितले. रोज सकाळी पहिल्या लघवीला मग आणि मनगटी घड्याळ घेऊन मोरीत जायचे आणि दोनशे मिलिलिटरच्या रेघेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. कमलने हे पाहून कपाळाला हात लावला. मिलिंद फोनवर म्हणाला, बाबा, लघवीचा पण निकाल लावताय का. पण पद्धत चुकीची नव्हती. पहिले दोन आठवडे आकडा बारा ते तेरा होता. पाणी तासाला एक पेला. शौचाला जोर पडू नये म्हणून रात्री इसबगोल. वजन नाही. विहारात रविवारी वंदनेला जाणे तेवढे मी थांबवले. मधे उठावे लागले तर काय, ही भीती.

चौथ्या आठवड्यात आकडा सोळा झाला. मी म्हणालो, आज पाणी कमी प्यायलो असेन. मग अठरा. सहाव्या आठवड्यात वीस आणि बावीसच्या मधे.

माझ्या मनात त्या वेळी काय चालले होते, ते प्रामाणिकपणे मांडतो. मला कारण कळले होते. मार्ग आवळत होता. त्याच आठवड्यात जायला हवे होते. पण गेलो तर पुन्हा तपासणी, पुन्हा नळी. पालमची ती दोन मिनिटे माझ्या अंगात बसली होती. 

शिवाय मला एक कारण सापडले. कमलच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवण्यासाठी ती शेजारच्या घरी जाई, ज्वारी निवडताना खडे राहून जात. माझ्या आजारापायी तिच्या डोळ्याचे ऑपरेशन दोनदा पुढे ढकलले गेले होते. आता तारीख मिळाली होती. मी पुन्हा आजारी पडलो तर तिसऱ्यांदा राहील. तेव्हा तिचा डोळा होऊ दे, मग सांगू, असे मी ठरवले. हे कारण इतके चांगले होते की मी त्याच्याकडे फार बारकाईने पाहिले नाही.

तपासणी

सहा आठवड्यांनी परभणीला फेरतपासणी होती. तिथे एक यंत्र असते. खुर्चीसारख्या चौकटीत नरसाळे बसवलेले. पोट भरून लघवी आली की एकट्याने आत जाऊन त्यात करायची. धारेचा वेग कागदावर आपोआप उमटतो.

आता माझ्या पेशाबद्दल एक सांगणे भाग आहे. शाळेची वार्षिक तपासणी जाहीर झाली की आम्ही आठवडाभर तयारी करीत असू. फळा काळा करायचा, तक्ते लावायचे, हुशार मुले पुढच्या बाकावर बसवायची आणि ठरलेला धडा तीनदा घोटून घ्यायचा. साहेब त्या तासाला यायचे, समाधान व्यक्त करून जायचे. यात आम्हाला लबाडी वाटत नसे. तपासणीची तशीच रीत होती. वर्ग वर्षभर कसा चालतो हे साहेबांना दाखवायचे नसते, असे एकतीस वर्षांत माझ्या हाडात मुरले होते.

मी यंत्राची तयारी केली. चार दिवस घरी सराव केला. भरपूर पाणी प्यायचे, अगदी असह्य होईपर्यंत थांबायचे, मग श्वास कोंडून पोट आत ओढून जोर द्यायचा. मापाचा मग भरायला लागणारा वेळ पंधरा सेकंदांवर आला. मला आनंद झाला. शौचाला जोर लावायचा नाही म्हणून रात्री इसबगोल घेणारा मी सकाळी मोरीत भिंतीला हात लावून जोर लावायला शिकत होतो.

परभणीला मी तसेच केले. कागद बाहेर आला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि जरा वेळ पाहिला. वेग बरा आहे, म्हणाले. मग कागद खाली ठेवून त्यांनी विचारले, “जोर लावला नाहीत ना?”

मी म्हणालो, “नाही.”

कॉपी करणाऱ्या मुलाला पकडल्यावर तो ज्या सुरात नाही म्हणतो, तोच सूर होता. मला तो ऐकू आला, त्यांना नाही. त्यांनी तीन महिन्यांनी बोलावले, आणि मधे धार बारीक वाटली तर आधी. बाहेर कमल बाकावर बसली होती. मी तिला पास झालो असे सांगितले. आम्ही स्टेशनवर चहा घेतला. गाडी येईपर्यंत मी सारखा बोलत होतो.

दूध

पुढच्या पंधरवड्यात कमलचा डोळा झाला. तिला औषधाचे थेंब घालणे, वाकू न देणे, चुलीपासून दूर ठेवणे, ही कामे मी वेळापत्रक करून पार पाडली. मग आणि घड्याळ मी कपाटात ठेवून दिले होते. आकडा दिसला नाही की तो नसतो, असे मानण्याची वेळ माझ्यावर आली होती. धार आता सुतळीसारखी होती आणि मधेच तुटे. आटोपले असे वाटून बाहेर यावे, तर पुन्हा जावे लागे. दोनदा थंडी वाजून कणकण आली. मी तापाची गोळी घेतली आणि हवामानाला दोष दिला. रोज झोपताना एकच विचार: उद्या बंद पडली तर? आणि रोज उठल्यावर दुसरा: अजून पडलेली नाही.

डोळ्याला तीन आठवडे झाल्यावर कमल पुन्हा स्वयंपाकाला लागली. एका सकाळी मी मोरीतून बाहेर आलो तर ती दारासमोरच्या ओट्यावर बसली होती. गॅस बंद होता. शेगडीवर दूध सांडलेले.

“अहो, बसा जरा हितं,” ती म्हणाली.

मी बसलो. तिने सांगितले ते असे. मी सकाळी आत गेलो की ती दूध तापायला ठेवते, पूर्वीपासून. ऑपरेशननंतर मी दूध तापायच्या आत बाहेर येत होतो. मग दूध वर येऊ लागले की येऊ लागलो. “आज उतू गेलं तरी तुमी आतच. डोळा बंद होता ना माझा, तवापासून ऐकायलेय मी. कान तर बंद नव्हते.”

मी सांगितले की तिच्या डोळ्यासाठी थांबलो होतो.

ती रागावली नाही, तेच मला जड गेले. कपड्याने शेगडी पुसत तिने विचारले, “माझ्या डोळ्याचं नाव कशाला घ्यायलाव? डोळा काय, राहिला असता आनखी. तुमाला नळी नको होती म्हनून सांगा की सरळ.”

 मी म्हणालो, “हो. नळी नको होती.”

“मला काय हवी हाय का?” तिने कपडा पिळला. “कपडे करा. नऊची गाडी हाय.”

दोन कागद

डॉक्टरांसमोर मी काही लपवले नाही. सराव, जोर, दोनदा आलेली कणकण, कपाटातला मग, सगळे क्रमाने सांगितले. त्यांनी आधी यंत्रावर पाठवले आणि बजावले की पोट सैल सोडायचे, येईल तशी येऊ द्यायची. मी पोट सैल सोडले. धार आली, ती पाहून मलाच वाईट वाटले.

त्यांनी मागचा आणि आजचा, दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि पेन्सिलीने दाखवू लागले. निरोगी माणसाची रेघ टेकडीसारखी चढते आणि उतरते. माझी आजची रेघ थोडी चढून सपाट झाली होती, पठारासारखी, लांबच लांब. अरुंद मार्गाची हीच खूण. मागच्या कागदावर करवतीचे दाते होते. पोटाच्या प्रत्येक हिसक्याला एक दाता. दाते पाहूनच त्यांना शंका आली होती.

“म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं,” ते म्हणाले.

 मी विचारले की माझ्या जोर लावण्यामुळे हे झाले का. ते म्हणाले, व्रण आवळला तो शरीराच्या गुणाने. सगळे नीट करूनही एखाद्याचा आवळतो. जोर देऊन भले झाले नाही आणि अंगावर काढलेल्या जंतुसंसर्गाने तर नाहीच. पण खरे नुकसान दोन महिन्यांचे. तेव्हा आवळलेल्या व्रणाचे ते कडे कोवळे होते. मी हे वाक्य वहीत लिहून घेतले नाही. ते मला पाठ आहे.

त्याच आठवड्यात कमरेत पुन्हा इंजेक्शन झाले. समोरच्या पडद्यावर मला माझाच मार्ग दिसत होता. आत पांढरट कडे आणि मधे ज्वारीच्या दाण्याएवढे भोक. ते कडे कापून मोकळे केले. पुन्हा नळी, पुन्हा पिशवी. या खेपेस पिशवी खाटेच्या कडेला सगळ्यांना दिसेल अशी होती. भेटायला आलेल्यांपैकी एकाने विचारले, हे काय, आणि मी त्याला सविस्तर सांगितले. त्याने चहा अर्धा ठेवला.

रविवार

एकदा आवळलेला मार्ग पुन्हा आवळू शकतो. म्हणून काहींना एक काम शिकवतात: आठवड्यातून एकदा, एक मऊ, पातळ नळी स्वतःच आत घालून लगेच काढायची, म्हणजे मार्ग खुला राहतो. मी आधी नकार दिला. डॉक्टरांनी आग्रह केला नाही. संगीता सिस्टरांना बोलावले.

त्या म्हणाल्या, “दुसऱ्यानं घातली तर दुखतंय लय. आपन घातली तर आपल्याला कळतंय, कुठं थांबायचं. सायकल शिकवताना मागून धरतात, चालवायची ज्याची त्यानं.”

मला शिकायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी नळी हातात घेऊन मी वीस मिनिटे नुसता बसलो आणि परत ठेवली. सिस्टरांनी त्याला नापास म्हटले नाही. उद्या बघू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर थांबलो. तिसऱ्या दिवशी गेली. पालमला झाला त्याच्या दहाव्या हिस्स्याइतकाही त्रास नव्हता. दोन महिने मी ज्याला भ्यालो ते हेच का, असे वाटून मी सिस्टरांकडे पाहिले. त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या होत्या.

तेव्हापासून रविवारी सकाळी आंघोळीनंतर मी हे करतो. साबणाने हात नीट धुवायचे, नळी ज्या पद्धतीने स्वच्छ ठेवायला सांगितली त्यात काटकसर करायची नाही, जेली सढळ लावायची. बसून, हळू, श्वास सोडत. अडली तर थांबायचे, दोन श्वास घ्यायचे, पुन्हा हलकेच. तरीही अडली तर काढून घ्यायची, रेटायची नाही. थोडे रक्त दिसले तर पाणी प्यायचे, जास्त दिसले किंवा थंडी-ताप आला तर फोन करायचा. प्रत्येकाला हे करावे लागत नाही, आणि कुणी हे वाचून आपल्या मनाने करू नये. मग आणि घड्याळही पुन्हा मोरीत आली आहेत. आकडे आता फळीवर ठेवलेल्या वहीत असतात. ती वही कमल केव्हाही उघडू शकते, आणि उघडते.

भीती गेली का, असे लोक विचारतात. नाही. शनिवारी संध्याकाळपासून ती येऊन बसते. पण पूर्वी मी तिच्याबरोबर एकटा असे. आता कमल विचारते, उद्या रविवार ना, आणि मी हो म्हणतो.

नंतर जोडलेले

वरचे सगळे लिहून झाले होते आणि ते कुणाला तरी पाठवावे अशा विचारात मी होतो. काल रविवारी नळी अडली. नेहमीच्या जागीच, पण नेहमीपेक्षा घट्ट. दोन श्वास घेतले, पुन्हा पाहिले. नाही. माझ्या हाताला वाटले की जरासा रेटा दिला तर जाईल. खरोखरच गेली असती कदाचित. मी ती काढून घेतली, मापाचा मग घेऊन धार मोजली. सतरा. मागच्या आठवड्यात तेरा सेकंद होते. ओले हात पुसत स्वयंपाकघरात गेलो आणि कमलला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिले, तवा उतरवला आणि डॉक्टरांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

आज सोमवार. हे शेवटचे पान परभणीला, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत काय निघेल मला माहीत नाही. लहान काम असेल, कदाचित नसेलही.  कमल शेजारी बसून पाण्याची बाटली माझ्या गुडघ्यावर ठेवते, मी प्यायलो की पुन्हा ठेवते.

मघाशी नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने केसपेपर भरताना आधी पेशा विचारला, मी निवृत्त शिक्षक म्हणालो; मग तिने विचारले, काय त्रास आहे. समोरच्या दोन्ही बाकांवर माणसे बसलेली होती, बहुतेक माझ्याच वयाची, बहुतेकांच्या हातात मोठे लिफाफे. मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “लघवीची धार बारीक झाली आहे. रविवारपासून.”

ती लिहू लागली.  पलीकडच्या टोकाला धोतर नेसलेले एक गृहस्थ होते, हातात काठी. ते काठी टेकत उठले. माझ्याजवळ आले आणि वाकून हळूच विचारले, “गुरुजी, बारीक म्हंजे केवढी?”

मी कमलच्या बाजूला सरकलो आणि त्यांना बसायला जागा केली.